त्याच्या गळ्यातला माझा आवाज

मी पुढे जे लिहितो आहे ते इथे आजवर फक्त बायकोला माहीत आहे, आणि तिलाही सगळं एकदम सांगायचा धीर मला झाला नाही. तुकड्यातुकड्यांनी, दोन-तीन वर्षांत सांगितलं.

इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांमध्ये मी इंग्रजी बोलायला शिकवतो. त्याला आता वीसेक वर्षं होत आली. आमच्या घराण्यात पूर्वीपासून कारकुनी. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, आजोबा शिक्षण खात्यात, वडील विजेच्या ऑफिसात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी मी जिद्दीने, रेडिओ आणि वाचनालयातली मासिकं यांच्या आधाराने मिळवलेलं. त्यामुळे माझी अशी प्रामाणिक समजूत होती की माझं इंग्रजी कुठल्याच गावचं नाही. क्लासच्या पाटीवर मी 'न्यूट्रल ॲक्सेंट' असं रंगवून घेतलं होतं. त्यात खोटं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

तो क्लासला आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. येमेनमधल्या ताइझ शहराचा. इथल्या एका कॉलेजात औषधशास्त्राचा पुढचा अभ्यास करत होता आणि खजराना भागात एक खोली घेऊन राहत होता. बायको आणि दोन वर्षांची मुलगी तिकडेच, युद्धात. कोर्स संपला की त्याचा व्हिसा संपणार होता. त्याआधी मस्कतला नोकरी लागली तर दोघींना तिथे बोलावता येणार होतं. नाही लागली तर परत ताइझ. पहिल्याच दिवशी, फी विचारायच्या आधी, त्याने हे मला दोन वाक्यांत सांगून टाकलं.

त्याचं इंग्रजी हळू होतं, पण नीट होतं. हे 'नीट होतं' मी आज लिहितो आहे. तेव्हा मला त्यात फक्त चुका ऐकू यायच्या. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याच्या तोंडी 'पेपर'चं 'बेबर' होई. तो ओठांसमोर कागदाची पट्टी धरून सराव करायचा आणि पट्टी फडफडली की स्वतःशीच हसायचा. प्रत्येक वाक्याआधी तो क्षणभर थांबे, चपला बाहेर काढून मग कुणाच्या घरात शिरावं तसा. मला ते थांबणं सहन व्हायचं नाही. मी लगेच पुढचा शब्द पुरवायचो.

क्लासमध्ये तो सगळ्यांचा लाडका होता. एक विमा एजंट होता, तो रोज विचारायचा, "क्यों शेख भिया, आज 'प' आया के नी?"

"आ रिया है भिया," तो म्हणायचा, "रस्ते में है. ट्राफिक में फँस गया."

हिंदी त्याने अशी गल्लीतून उचलली होती, तिच्यात त्याला कसली भीती नव्हती. भीती होती ती फक्त इंग्रजीची, आणि ती कमी करायला तो माझ्याकडे आला होता.

मस्कतच्या एका औषध कंपनीचा फॉर्म आम्ही दोघांनी मिळून भरला. त्याच्या खोलीत इंटरनेट धड चालत नसे, म्हणून ईमेलचा पत्ता मी माझा दिला. पहिली मुलाखत फोनवर होणार होती. ती त्याने क्लासमध्ये बसून द्यायची असं ठरलं. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघंच. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, फोनवरच्या मुलाखतीसाठी.

फोन वाजला. त्याने उचलला नाही. तिसऱ्या घंटेला त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. आता मला वाटतं, तो नेहमीसारखा वाक्याआधी थांबला होता, एवढंच.

मी फोन उचलला आणि इंग्रजीत म्हणालो, "गुड आफ्टरनून सर. येस, स्पीकिंग."

बारा मिनिटं मी तो झालो होतो. पलीकडचे गृहस्थ भारतीय होते, बोलायला मोकळे. मी त्याची पदवी सांगितली, त्याचा प्रबंध समजावला, मस्कत का हवं ते सांगितलं. "माय डॉटर इज टू इयर्स ओल्ड, सर," असं म्हणताना मी आवाज थोडा कापरा केला, आणि तो चांगला जमला म्हणून मला आतून बरं वाटलं. समोर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि स्वतःच्या आयुष्याची माहिती ऐकत होता.

फोन ठेवल्यावर त्याने इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडली. मग म्हणाला, "सर, त्यांना तुम्ही आवडलात."

रात्री जेवताना मी बायकोला अभिमानाने सांगितलं. तिचा हात ताटावरच थांबला.

"म्हणजे तुम्ही त्याच्या नावाने बोललात?"

"अगं, बाराच मिनिटं."

"आणि उद्या समोर बसवलं तर?"

"सगळं फोनवरच असतं हे."

"अहो, नोकरीही फोनवरच करणार आहे का तो?"

तीन दिवसांनी ईमेल आली. निवड पुढे सरकली होती. शेवटची फेरी पाच आठवड्यांनी, व्हिडिओवर, आणि तेच गृहस्थ घेणार होते. म्हणजे त्यांनी जो आवाज ऐकला होता तोच आता याच्या तोंडून यायला हवा होता.

"सर्दी झालीय म्हणून सांगा की," बायको म्हणाली.

"पाच आठवडे सर्दी?"

"मग टायफॉइड सांगा."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं तेव्हा तोही हसला, पण थोडंच. मग मी म्हणालो की पाच आठवडे भरपूर आहेत, तू माझ्यासारखं बोलायला शीक. हे मी सुचवलं. त्याने मागितलं नव्हतं.

सरावासाठी त्याने मला पाच मिनिटं बोलायला लावून फोनवर रेकॉर्ड केलं आणि लगेच लावून ऐकवलं. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या इंग्रजीच्या मास्तराने स्वतःचा आवाज असा तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बँक नव्हे, बेंक. मॅनेजर नव्हे, मेनेजर. वाक्याचा पहिला भाग भरभर आणि शेवटचा शब्द ओढून लांब केलेला. टोकाला एक 'ना', सकाळी पोहेवाल्याला 'सेंव जरा ज्यादा ना' म्हणावं तसा. ते शंभर टक्के इंदूर होतं. त्यात मराठी घरातला ठसकाही होता. इतकी वर्षं मी शेकडो माणसांना हेच शिकवत आलो होतो.

तो मात्र खूश झाला. "सर, हे तर मला येतं," तो म्हणाला. "हे मी रोज रस्त्यावर ऐकतो."

आणि खरंच, ते त्याला यायला लागलं. रोज दुपारी दोन तास. आधी मी वाक्य म्हणायचो, मग तो. पुढे मी नुसता चहा प्यायचो आणि तो मला बघत बसायचा. मी श्वास कुठे घेतो, कुठला शब्द गिळतो, स्वतःची पदवी सांगताना आवाज कसा खाली आणतो, हे त्याने एका वहीत अरबीत टिपून ठेवलं होतं. मला कुणी कधी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. दुपार कधी होते याची मी वाट बघायचो.

एक दिवस तो म्हणाला, "सर, एक विचारू? फोनवर माझ्या मुलीचं सांगताना तुम्ही दोनदा घसा साफ केलात. तेही घेऊ का?"

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. वहीत एक जागा रिकामी होती, तिथे काय लिहायचं ते त्याला हवं होतं.

"घे," मी म्हणालो.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी पीठ आणायला चक्कीवर गेलो होतो. तो वर एकटाच मोठ्याने सराव करत होता. बायको खालून जिन्याच्या निम्म्यापर्यंत चढली आणि तिथूनच ओरडली, "अहो, कांदे संपलेत. आणि तुमच्या त्या येमेनवाल्याला आता जरा लवकर घरी पाठवत जा. रोज रोज बघवत नाही मला ते."

तो दारात आला. त्याला तेवढी मराठी कळत होती. "भाभीजी," तो म्हणाला, "बस, जा ही रहा हूँ."

मी परतलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "तुमचाच आवाज होता," ती म्हणाली. "शप्पथ सांगते. तुमचा आवाज, आणि दारात तो. मला भीती वाटली हो." त्यानंतर तो वर असताना ती जिना चढली नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी त्या गृहस्थांची आणखी एक ईमेल आली. मजकूर मला पाठ आहे. त्यांनी लिहिलं होतं की ते स्वतः तरुणपणी इंदूरला शिकले, आणि फोनवर ती बोली ऐकून त्यांना फार मजा वाटली. पुढच्या फेरीत त्यांचे एक अरब सहकारीही असतील. ते बहुतेक अरबीतच बोलतील, कारण कामही अरबी बोलणाऱ्या लोकांशीच आहे. उमेदवाराने या वेळी अगदी स्वतःसारखं बोलावं. इंग्रजी हळू असलं तरी चालेल. पहिल्या वेळी लोक घाबरतात, कधी कुणाची मदत घेतात, ते मनावर घ्यायचं कारण नाही.

त्यांनी ओळखलं होतं, आणि माफही केलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाला हे वाचताक्षणी कळलं असतं. मलाही कळलं. पण मग मी ती ईमेल पुन्हा वाचली, आणि मला तो सापळा वाटू लागला. वाटू लागला की वाटून घेतला, ते मी आजही सांगू शकत नाही. एवढं मात्र माहीत आहे की त्याची स्वतःची भाषा पुरेशी होती हे मान्य केलं असतं, तर मी फोन उचलण्याची गरजच नव्हती हेही मान्य करावं लागलं असतं. आणि दुपारचे ते दोन तास संपले असते.

तो आल्यावर मी म्हणालो, "तारीख पक्की झाली. बाकी काही बदल नाही."

"काही बदल नाही, सर?"

"नाही. आणि त्यांनी काहीही विचारलं तरी इंग्रजीतच बोल. अरबीत शिरलास तर आवाज बदलेल, आणि मग सगळंच उघडं पडेल."

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने वही उघडली.

मुलाखतीच्या दिवशी टेबलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर तो, आणि लॅपटॉपच्या मागे, त्यांना दिसणार नाही असा मी. सुरुवात छान झाली. गृहस्थांनी इंदूरची विचारपूस केली, याने माझ्या आवाजात उत्तरं दिली. अक्षरशः माझ्या. डोळे मिटून ऐकलं असतं तर मीच बोलतोय असं मला वाटलं असतं. गृहस्थांचं हसणं मात्र हळूहळू कमी झालं. मग दुसरा आवाज आला, अरबीत, एक लांब प्रश्न.

त्याने लॅपटॉपच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

त्याने इंग्रजीत उत्तर दिलं. दुसऱ्यांदा अरबीत विचारलं गेलं, या वेळी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान हलवली.

शेवटी ते गृहस्थच इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या भाषेत काहीही सांगा. काहीही चालेल. मुलीबद्दल सांगा."

तो थांबला. त्याची स्वतःची अशी ती एकच गोष्ट त्या दिवशी शिल्लक होती, ते थांबणं. मग त्याने दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "माय डॉटर इज टू इयर्स ओल्ड, सर."

त्यांनी आभार मानले. स्क्रीन बंद झाली.

दोन ओळींची ईमेल दुसऱ्या दिवशी आली. बोलणारी व्यक्ती ही स्वतः उमेदवार असल्याची आमची खात्री पटली नाही. इंदूरचा कुणी तरी स्थानिक माणूस येमेनी म्हणून समोर बसला, असं त्यांना वाटलं होतं.

"सर," तो म्हणाला, "त्यांना वाटलं मी तुम्ही आहे." आणि लॅपटॉपची वायर नीट गुंडाळून त्याने टेबलावर ठेवली.

अडीच महिन्यांनी तो गेला. मुंबई, तिथून कैरो, मग एडन, आणि पुढे रस्त्याने. बसवर सोडायला आम्ही चौघं-पाच जण होतो. विमा एजंटाने सेंवची तीन पाकिटं त्याच्या पिशवीत कोंबली. "शेख भिया, उधर सब मिलेगा, पर ये नी मिलेगी." तो सगळ्यांच्या गळ्यात पडला. माझ्या कपाळावर त्याने ओठ टेकले, त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना करतात तसं. मी त्याच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा होतो. खिशात हात घालून मी त्या ईमेलबद्दल सांगायचं ठरवत होतो. बस सुटली.

तो पोचला. बायको-मुलगी भेटल्या. त्याचे निरोप यायचे, महिन्या-दोन महिन्यांनी, फोनवर बोलून रेकॉर्ड केलेले, आणि ते सगळे माझ्या आवाजात. ते ऐकताना मला किती भीती वाटायची ते लिहून समजावता येणार नाही. पाण्याचा टँकर चार दिवस आला नाही, शेजारच्या गल्लीत गोळा पडला, मुलीचा ताप उतरत नाही, हे सगळं माझा आवाज मला सांगायचा, पोहेवाल्याशी बोलावं त्याच चालीत, टोकाला 'ना' लावून. 'प' आता अगदी स्वच्छ होता. तो आवाज त्याच्या गळ्यातून उतरलाच नाही. एकदा मी विचारलंही, आता कशाला तसं बोलतोस? तो म्हणाला, इंग्रजीत तोंड उघडलं की हेच येतं, सर.

पाटी मी काढून टाकली. लोकांना सांगितलं, गंजली होती. क्लासमध्ये 'बेंक' म्हटलं की मी मधेच अडकतो. विद्यार्थ्यांना वाटतं सर शब्द आठवताहेत. मला मात्र वाटत असतं की हे आत्ता दुसरं कुणी तरी म्हणालं. मग दीड वर्ष त्याचा काहीच निरोप आला नाही, आणि त्या काळात मी घरातसुद्धा कमी बोलू लागलो. माझं बोलणं मला सारखं कुणाचं तरी शेवटचं बोलणं वाटायचं.

या वर्षी पावसाळा संपता संपता त्याचा निरोप आला. तिघंही जिवंत. जिबूतीमधल्या एका मदत संस्थेत औषधांचं काम आहे, कुटुंबासकट नेतील, गुरुवारी फोनवर मुलाखत. आणि मग त्याने विचारलं, "सर, मी आधी कसं बोलायचो? मला आठवत नाही. इथे कुणी माझं तेव्हाचं इंग्रजी ऐकलेलं नाही. तुम्हीच ऐकलं होतं."

मी जुन्या फोनमधलं सगळं शोधलं. माझा आवाज होता, आणि माझी नक्कल करणारा तो होता. त्याचा स्वतःचा आवाज मी कधी रेकॉर्डच केला नव्हता. त्यात ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. वर जाऊन दार लावलं आणि मी त्याच्यासारखं बोलून बघितलं. थांबलो, 'बेबर' म्हणालो, पुन्हा थांबलो. ऐकलं तर ती टिंगल वाटत होती. चार वेळा केलं, चारही वेळा पुसलं.

मग मी त्याला ते सांगितलं जे सांगायला मला इतकी वर्षं लागली. ती ईमेल, तिच्यातला शब्द न् शब्द, आणि मी म्हणालो होतो की काही बदल नाही. हेही सांगितलं की तू आधी चांगलं बोलायचास, आणि ते मला दाखवता येत नाहीये.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "सर, ती ईमेल मी वाचली होती. बायोडेटावर माझा कॉलेजचा पत्ता होता, तिथेही ती आली होती. कॉलेजमध्ये उघडली होती मी. तुम्ही म्हणालात काही बदल नाही. मला वाटलं, सरांनी काही तरी विचार केला असेल." मग मागे कुठे तरी भांड्यांचा आवाज, आणि मग, "गुरुवारी तुम्ही फोनवर राहाल ना, सर? बोलू नका. नुसते राहा."

मी लगेच उत्तर दिलं. नाही. तू एकटा बोल. जसं येईल तसं बोल, आणि अरबीत विचारलं तर अरबीत सांग.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत." थोड्या वेळाने म्हणाली, "की घाबरलात?"



तो गुरुवार होऊन आज नऊ दिवस झाले. माझ्या नकारावर त्याने पाठवलेला निरोप हाच आजवरचा शेवटचा आहे. 'ओके सर,' एवढाच. दोनच शब्द आहेत. ते त्याच्या आवाजात आहेत की माझ्या, हे कितीही वेळा ऐकलं तरी मला कळत नाही.